नऊ नंबरच्या घरातला प्रिन्स

लंडनमध्ये ड्यूक ऑफ यॉर्कच्या खांबाजवळ, कठड्याच्या आत एका झाडाखाली, कुत्र्याची एक समाधी आहे. या ‘गीरो’चा मालक लिओपोल्ड फॉन होश हा १९३०च्या दशकातला जर्मन राजदूत. दगडावर फेब्रुवारी १९३४ असं कोरलंय, त्यामुळे पर्यटक तिला ‘नाझी कुत्र्याची समाधी’ म्हणून मोकळे होतात. बिचाऱ्या कुत्र्याला पक्ष कसला, आणि त्याच्या मालकाचंही नाझींशी फारसं जमत नव्हतं. मीही फोटो काढला, सगळेच काढतात. शेजारच्या इमारतीकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. कार्लटन हाउस टेरेस, क्रमांक ९. आज तिथे रॉयल सोसायटीचं कार्यालय आहे. पहिल्या महायुद्धाआधी ही जर्मन वकिलात होती, आणि १९१२ ते १९१४ या काळात इथे राहत होता जर्मन राजदूत प्रिन्स कार्ल मॅक्स लिख्नोव्स्की.

लंडनमधल्या कामगिरीबद्दल त्याचं एक छोटं टिपण आहे, दोनएक तासांत वाचून होणारं. युद्ध का झालं हे समजून घ्यायला म्हणून मी ते वाचायला घेतलं आणि युद्धाची कारणं बाजूला राहून या माणसातच अडकलो.

घराणं सायलेशियातलं, जुनं आणि गडगंज. त्याचे पणजोबा प्रिन्स कार्ल लिख्नोव्स्की म्हणजे बीथोव्हेनचे आश्रयदाते. ‘पाथेतिक’ सोनाटा त्यांनाच अर्पण केलेला आहे, आणि १८०० पासून बीथोव्हेनला त्यांच्याकडून वर्षाला ६०० फ्लोरिनचा तनखा मिळत असे. १८०६ साली ग्रेट्झच्या गढीत पणजोबांनी पाहुण्या फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे वाजवायचा आग्रह धरला, तेव्हा बीथोव्हेन चिडून, भर पावसात निघून गेला. सोबतच्या ‘अपासिओनाता’ सोनाटाच्या हस्तलिखितावर त्या रात्रीच्या पाण्याचे डाग पडले, असं सांगतात. काका फेलिक्स लिख्नोव्स्की फ्रँकफर्टच्या पहिल्या जर्मन संसदेत उजव्या बाजूला बसायचे. सप्टेंबर १८४८ मध्ये चिडलेल्या जमावाने त्यांना ठार मारलं. पाहुण्याला ओळखण्यात चुकलेले पणजोबा आणि रस्त्यावरचा राग न कळलेले काका. अशा घरात १८६० साली कार्ल मॅक्सचा जन्म झाला.

त्याची आधीची नोकरी फारशी सांगण्यासारखी नाही. घोडदळात उमेदवारी, १८८५ मध्ये लंडनच्या वकिलातीत अताशे, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, मग बुखारेस्ट, व्हिएन्ना, आणि शेवटी बर्लिनच्या परराष्ट्र खात्यात नेमणुकांचं काम. १९०४ मध्ये ते सोडून तो इस्टेटीवर जाऊन बसला. त्याच वर्षी काउंटेस मेख्टिल्डे फॉन आर्को-झिन्नेबर्गशी लग्न केलं. मग आठ वर्षं शेती, शिकार आणि अधूनमधून राजकारणावर लेख.

त्याला लंडनला का पाठवलं याचं उत्तर काहीसं नामुष्कीचं आहे. आधीचा राजदूत मेटर्निख आरमार वाढवू नका असं सतत सांगायचा, म्हणून त्याला परत बोलावलं. त्याच्या जागी गेलेला मार्शल फॉन बीबरस्टाइन काही महिन्यांतच, सप्टेंबर १९१२ मध्ये वारला. परराष्ट्र खात्याच्या मनात दुसरी नावं होती, पण जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने लिख्नोव्स्कीला पसंती दिली. राजपुत्र, श्रीमंत, दिसायला-बोलायला सभ्य, बायको हुशार आणि देखणी. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवायला याहून चांगला माल कुठे मिळणार? आपण त्या काचेत आहोत हे काही त्या बिचाऱ्याला कळलं नाही, निदान दीड वर्ष तरी.

लंडनमध्ये तो बघता बघता रुळला. त्या शहराचं सरकार जेवणाच्या टेबलावर आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांवर चालतं हे त्याने लगेच हेरलं. टिपणातली या भागातली पानं खुमासदार आहेत. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ म्हणजे आयुष्याचा रसिक, विशेषतः तरुण आणि चटपटीत बायकांच्या सहवासाचा. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याच्या अगदी उलट: मासेमारी, पक्षी, साधी राहणी, आणि पॅरिसची एक धावती भेट सोडली तर इंग्लंडबाहेर पाऊल नाही. अशा माणसाच्या हाती अर्ध्या जगाचं परराष्ट्र धोरण होतं, याचं लिख्नोव्स्कीला नवल वाटत नाही. त्याला ग्रे आवडतो. तो आवडतो कारण ग्रे हा त्याच्याच जातीचा, जमीनजुमला असलेला, शब्द पाळणारा, आवाज न चढवणारा माणूस आहे. मेख्टिल्डेने वकिलातीत पिकासोची चित्रं आणली, इजिप्तच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, कवी-लेखकांना घरी बोलावलं. जून १९१४ मध्ये ऑक्सफर्डने प्रिन्सला मानद डॉक्टरेट दिली. युद्ध दोन महिन्यांवर आलं होतं आणि जर्मन राजदूत लाल झगा घालून ऑक्सफर्डमध्ये टाळ्या घेत होता.

पण ही गंमत वरवरची. डिसेंबर १९१२ च्या सुरुवातीला, म्हणजे येऊन महिना झाला असेल-नसेल तोवर, ब्रिटिश मंत्री लॉर्ड हाल्डेन त्याच्याकडे आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं: जर्मनीने फ्रान्सला चिरडलेलं इंग्लंड बघत बसणार नाही. लिख्नोव्स्कीने ते जसंच्या तसं बर्लिनला कळवलं. कैसर संतापला. ८ डिसेंबरला त्याने सेनापती मोल्टके, आरमारमंत्री टिर्पित्झ वगैरे लष्करी लोकांना राजवाड्यावर बोलावलं आणि लढाई केव्हा करायची यावर खल केला. चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, बोलावलंच नव्हतं. त्या बैठकीचं वजन किती मानायचं यावर इतिहासकार अजून भांडतात. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की राजदूताने आणलेला इशारा ऐकून दरबाराने इशारा देणाऱ्याचा द्वेष केला, आणि आणणाऱ्याबद्दल मनात अढी धरली.

मी बरीच वर्षं एका विभागीय कार्यालयातून मुख्यालयाला अहवाल पाठवण्याचं काम केलंय. ‘इथले लोक हे मान्य करणार नाहीत’ असं लिहिलं की वरून फोन यायचा, “तुमचं तिकडच्यांशी फारच जमतं वाटतं!” या वाक्यापुढे काही बोलता येत नाही. जमत नसतं तर माहिती मिळाली नसती, आणि जमतं म्हणून माहितीवर विश्वास नाही. लिख्नोव्स्की या कात्रीत सापडला होता, फक्त त्याच्या अहवालांवर फ्रान्स आणि बेल्जियम उभे होते.

मात्र बर्लिनच्या संशयाला एक खरं कारणही होतं, आणि प्रिन्सच्या चाहत्यांनी ते टाळू नये. लंडनच्या रशियन वकिलातीत बेन्नो फॉन झीबर्ट नावाचा सचिव होता. तो गुपचूप रशियन कागदांच्या नकला जर्मनांना पुरवायचा. १९१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंड आणि रशियाच्या आरमारी बोलण्यांची बातमी फुटली, तेव्हा ग्रेने शब्दांची कसरत करत ती झटकून टाकली. लिख्नोव्स्कीने ग्रेचा शब्द मानला. बर्लिनच्या टेबलावर तर चोरून आणलेले कागद पडलेले होते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपला राजदूत भोळा सांब. त्यात राजदूताला हे कागद दाखवण्याची गरज कुणाला वाटली नाही. ज्याला अर्धीच माहिती द्यायची, त्यालाच अर्धवट म्हणायचं!

१९१२-१३ मधल्या बाल्कन युद्धांच्या काळात ग्रेच्या अध्यक्षतेखाली लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरली. ऑस्ट्रियाचा मेन्सडॉर्फ, रशियाचा बेंकेनडॉर्फ, फ्रान्सचा काँबाँ, इटलीचा इंपेरियाली आणि लिख्नोव्स्की. एकमेकांच्या ओळखीतली, बरीचशी एकाच वर्गातली ही माणसं महिनोन्‌महिने बसून अल्बेनियाची हद्द आखत राहिली आणि मोठं युद्ध टळलं. त्यामुळे हेच पुन्हा जमेल असं ग्रेला आणि प्रिन्सला जुलै १९१४ मध्ये वाटत राहिलं. मला वाटतं, त्याच्या चुकीचं मूळ इथे आहे. सभ्य माणसं एका खोलीत बसली की प्रश्न सुटतो, हा त्याच्या वर्गाचा धर्म होता. व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, या वेळी त्या खोलीत यायचंच नव्हतं.

त्याचं दुसरं काम आपल्या जास्त जवळचं आहे. जर्मन बांधत असलेल्या बगदाद रेल्वेवरून इंग्लंड-जर्मनीत वर्षानुवर्षं घासाघीस चालली होती. १५ जून १९१४ ला मसुद्यावर सह्या झाल्या: रेल्वे बसऱ्याला थांबेल, इंग्लंडच्या संमतीशिवाय आखातापर्यंत जाणार नाही, कंपनीच्या मंडळावर दोन इंग्रज संचालक असतील. प्रिन्सला याचा फार अभिमान होता. पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९१४ मध्ये, त्याच बसऱ्यात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन घुसली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदाद गाठायला निघालेली ही फौज टेसिफॉनहून मागे फिरली, कुतमध्ये वेढली गेली, उपासमारीने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. साताऱ्याकडच्या काही गावांत आजही तो दगड दिसतो: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. त्यातल्या कुणाला लंडनमध्ये कागदावर सुटलेल्या त्या प्रश्नाची खबर असणार?

साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्याची बातमी आली तेव्हा लिख्नोव्स्की कीलला, कैसरच्या ‘मेटिओर’ या शर्यतीच्या नौकेवर होता. तिथून तो बर्लिनला गेला. चॅन्सेलर बेटमान-होल्वेग रशियाच्या शस्त्रसज्जतेबद्दल कुरकुरत होता. खुनाबद्दल ऑस्ट्रिया सर्बियाविरुद्ध काहीतरी करणार एवढं कानावर आलं. ५ जुलैला पॉट्सडॅमला कैसरकडून ऑस्ट्रियाला मोकळी सूट दिली गेली, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ते त्याला नंतर कळलं. लंडनला परतल्यावर तो तार मागून तार पाठवत राहिला: हे युद्ध सर्बियापुरतं राहणार नाही, ऑस्ट्रियाला आवरा. जर्मन परराष्ट्रमंत्री यागोचं उत्तर आलं की रशिया तयार नाही, थोडी आदळआपट होईल. आपण जितके ठाम राहू तितका तो माघार घेईल.

२६ जुलैला ग्रेने चार देशांच्या परिषदेची सूचना केली. लिख्नोव्स्कीने ती उचलून धरली, बर्लिनने फेटाळली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमधल्या ऑस्ट्रियन राजदूताने व्हिएन्नाला कळवलं, की इंग्लंडच्या सूचना तुमच्याकडे येतील, पण जर्मन सरकार त्यांच्याशी सहमत नाही. इंग्लंडचं मन राखायला म्हणून त्या पुढे पाठवल्या जातील. तिकडे लंडनमध्ये आपला प्रिन्स ग्रेला मनापासून सांगत होता, की माझं सरकार मध्यस्थी करतंय. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडून खोटं बोललं जात होतं.

आपल्याकडे शिष्टाई म्हटली की कृष्ण आठवतो. पण कृष्ण पांडवांकडून गेला होता, आणि यश येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. लिख्नोव्स्की विदुराच्या वळणाचा. खातो कौरवांचं, सांगतो त्यांच्या हिताचं, आणि दरबार म्हणतो की हा आतून पांडवांचा.

१ ऑगस्ट. हा दिवस त्याच्या चाहत्याला अवघड जातो. सकाळी ग्रेच्या निरोपावरून त्याने अशी समजूत करून घेतली, की आपण फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सच्याही तटस्थतेची हमी देईल. तशी तार त्याने बर्लिनला ठोकली. कैसर हरखला, शँपेन मागवली आणि मोल्टकेला म्हणाला, आता सगळी फौज पूर्वेला वळवा. मोल्टके हादरला, वर्षभर घासून-पुसून तयार केलेलं रेल्वेचं वेळापत्रक असं एका दुपारी उलटं फिरत नाही. रात्री राजा पंचम जॉर्जचं उत्तर आलं, की काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. कैसरने मोल्टकेला सांगितलं, आता तुला हवं ते कर. ग्रे त्या सकाळी नेमकं काय सुचवत होता हे त्याला स्वतःला तरी स्पष्ट होतं का, अशी शंका येते. पण ऐकणाऱ्यानेही जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. दीड वर्ष बर्लिनला कटू बातम्या देणाऱ्या माणसाने आयुष्यातली एकमेव गोड बातमी दिली, आणि ती चुकीची निघाली.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅस्क्विथ न्याहारी करत असताना तो तिथे पोचला, फ्रान्सची बाजू घेऊ नका म्हणून विनवू लागला आणि रडला. अ‍ॅस्क्विथनेच हे एका खासगी पत्रात लिहून ठेवलंय.

४ ऑगस्टच्या रात्रीचा प्रसंग कुणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. जर्मनीनेच युद्ध पुकारलं अशी चुकीची बातमी आल्यामुळे ब्रिटिश परराष्ट्र खात्याने घाईत तशा मजकुराचं पत्र वकिलातीत पाठवलं. मग चूक ध्यानात आली. अकराच्या सुमाराला, म्हणजे बेल्जियमवरून ब्रिटनने जर्मनीला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत संपता संपता, हॅरॉल्ड निकोल्सन या २७ वर्षांच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला दुसरं पत्र देऊन पिटाळलं: पहिलं परत आण आणि हे ठेव. राजदूत झोपायला गेले होते. निकोल्सनने हट्टाने वर जाऊन पाहिलं तर प्रिन्स पायजम्यात पलंगावर पडलेला. खिडकीजवळच्या टेबलावर तो लिफाफा अर्धवट उघडून टाकलेला, आतून पासपोर्ट डोकावतायत. त्याने मजकूर वाचलाच नव्हता. वाचायचं काय राहिलं होतं? पोच म्हणून त्याने सही केली, आणि निरोप देताना निकोल्सनला म्हणाला, वडिलांना माझा नमस्कार सांगा. हॅरॉल्डचे वडील सर आर्थर निकोल्सन परराष्ट्र खात्याचे कायम सचिव होते. युद्ध सुरू होऊन काही मिनिटं झाली होती आणि शत्रूच्या सचिवाला नमस्कार गेला. मी त्यावर आधी हसलो. आता ते हसणं बरोबर होतं असं वाटत नाही.

जर्मनीच्या हितसंबंधांची जबाबदारी अमेरिकेकडे गेली, म्हणून ५ तारखेला अमेरिकन राजदूत वॉल्टर पेज भेटायला गेले. दुपारीही प्रिन्स पायजम्यातच होता. कित्येक रात्री झोप नाही. हा माणूस वेडा होईल की काय, असं पेजना वाटलं. त्यांनी तसं राष्ट्राध्यक्ष विल्सनना कळवलं. निघताना इंग्रजांनी खास गाडी दिली, हारिच बंदरावर सैनिकांची मानवंदना दिली. निरोप घेणाऱ्या राजासारखं मला वागवलं, असं तो लिहितो. या वाक्यातला अभिमान मला खटकतो. बेल्जियममध्ये जर्मन सैन्य शिरलं होतं, आणि हा मानवंदनेची नोंद करतोय! पण ज्याला स्वतःच्या सरकारने कधी सलाम केला नाही, त्याला हे लक्षात राहणारच.

मायदेशी त्याच्यावर खापर फुटलं. इंग्रजांनी फसवलेला राजदूत, अशी कुजबुज सुरू झाली. ऑगस्ट १९१६ मध्ये त्याने घराण्याच्या दफ्तरासाठी ते टिपण लिहिलं, ‘माझी लंडनमधली कामगिरी’. प्रकाशनासाठी नाही, मुलांना-नातवंडांना खरं कळावं म्हणून. काही विश्वासातल्या लोकांना त्याने ते वाचायला दिलं. गुपित जसं फुटतं तसं फुटलं: एका हातातून दुसऱ्या हातात, मग जनरल स्टाफमधल्या कॅप्टन फॉन बेअरफेल्डेकडे, आणि त्याने प्रती काढून वाटल्या. मार्च १९१८ मध्ये ते स्टॉकहोमच्या ‘पॉलिटिकेन’ या समाजवादी वर्तमानपत्रात छापून आलं. त्याच महिन्यात जर्मन सेनानी लुडेनडॉर्फचं पश्चिमेकडचं मोठं आक्रमण सुरू होत होतं. दोस्त राष्ट्रांना याहून मोठी देणगी कोणती? शत्रूचा राजदूतच सांगतोय की युद्ध आपल्या सरकारने ओढवून घेतलं. इंग्रजीत ते गिल्बर्ट मरी या विद्वानाच्या प्रस्तावनेसह निघालं आणि जगभर वाटलं गेलं.

टिपणात एका जागी तो म्हणतो, की जे धोरण चुकीचं आहे हे मला माहीत होतं त्याचीच बाजू मला लंडनमध्ये मांडावी लागली; ते पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप होतं आणि त्याची शिक्षा मला मिळाली. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने हे पाप क्षमा नसलेलं. मग त्याने राजीनामा का दिला नाही? उत्तर त्याच्या स्वभावात असावं. नोकर म्हणून तो तिथे नव्हताच, पगाराची त्याला गरज नव्हती. तो स्वतःला कैसरचा सरदार समजत होता, आणि सरदार लढाईच्या तोंडावर गड सोडत नाही. राजीनाम्याने काही अडलं नसतं, असंही मला वाटतं. यागोने दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाठवला असता. तरी तो दिला असता तर टिपणातलं ते वाक्य लिहावं लागलं नसतं.

जुलै १९१८ मध्ये प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे त्याच्याच भाऊबंदांनी, त्याला सदस्यत्वावरून काढून टाकलं. चार महिन्यांत कैसर हॉलंडला पळाला आणि ते सभागृहही गेलं. १९१९ मध्ये नव्या जर्मन सरकारने समाजवादी नेता कार्ल काउट्स्कीने जमवलेली युद्धापूर्वीची कागदपत्रं छापली. त्यात लिख्नोव्स्कीच्या तारा होत्या आणि समासात कैसरच्या हातचे शेरे. २९ जुलैच्या तारेत प्रिन्स कळवतो, की फ्रान्स ओढला गेला तर इंग्लंड बाजूला राहणार नाही असा इशारा ग्रेने दिलाय. समासात ग्रेच्या नावाने शिमगा, आणि इंग्रजांना ‘दुकानदारांची नीच जमात’. कुठलाही राजदूत याहून स्पष्ट काय लिहिणार?

तहानंतर सीमा हलल्या. त्याची कुखेल्नाची गढी ज्या ह्लुचिन भागात होती तो १९२० मध्ये चेकोस्लोव्हाकियाला गेला, जन्मगाव जर्मनीतच राहिलं. १९२७ मध्ये त्याने ‘रसातळाच्या वाटेवर’ अशा अर्थाच्या नावाने आपली पत्रं आणि लेख दोन खंडांत काढले. जर्मन राष्ट्रवाद्यांनी पुन्हा झोडपलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो कुखेल्नाला वारला.

मेख्टिल्डे मागे तीस वर्षं जगली. नाझींच्या लेखक मंडळात नाव नोंदवायला तिने नकार दिला. १९३७ मध्ये राल्फ पीटो या इंग्रजाशी लग्न केलं. तरुणपणी म्युनिकमध्ये दोघांचं जमलं होतं, तेव्हा घरच्यांनी मोडलं होतं. १९३९ मध्ये ती जर्मनीत आली असताना युद्ध सुरू झालं आणि अडकली. नवरा लंडनला, ती गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, नजरेखाली. पुन्हा भेट होण्याआधीच १९४५ मध्ये पीटो गेला. पुढच्या वर्षी ती लंडनला परतली आणि १९५८ मध्ये तिथेच वारली. तिचं लेखन अलीकडे जर्मनमध्ये पुन्हा छापलं गेलंय आणि लोक ते आवडीने वाचतायत. प्रिन्सचे दोन खंड वाचायचे तर ग्रंथालयात मागणी नोंदवावी लागते.